तिच्या वेळेचं झाड

बायकोचं तेरावं झालं आणि पाहुणे गेले. मुलाला रजा नव्हती, तो सुरतला परतला. सगळ्यात शेवटी हेमाची बहीण गेली. जाताना तिने डाळीचा डबा कुठे आहे ते मला तीनदा दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा उठलो आणि चहा टाकला. गॅलरीच्या काचेतून सहज बाहेर पाहिलं, तर झाड फुललं होतं.

अ‍ॅव्होकॅडोचं फूल दिसायला काही विशेष नसतं. नखापेक्षा लहान आणि हिरवट पिवळं. पण शेकडो फुलं एकदम उघडतात, आणि काल मिटलेलं झाड आज कुणीतरी हळदीचं पाणी शिंपडल्यासारखं दिसतं. आंघोळ, देवपूजा आटोपून हेमा गॅलरीत यायची, नेमक्या त्याच वेळेला ती उघडली होती. हेमा नव्हती, पण तिची वेळ झाडाला पाठ होती. माझा चहा उतू गेला.

हे झाड कसं आहे ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचा टॉवर साताऱ्याच्या बाहेर, कोरेगाव रस्त्याला आहे. आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. मी जन्मभर लिफ्टची कामं केली आणि आता निवृत्त आहे. मला यंत्र कळतं, झाड कळत नाही. ते हेमाने आणलं. बुटक्या जातीच्या खुंटावर केलेलं कलम, मोठ्या कुंडीत लावलेलं, माझ्या कमरेएवढं. एरवी हे झाड घराएवढं वाढतं. हे तेवढ्यावरच थांबतं आणि वर्षातून दोन-तीनदा फुलतं.

अ‍ॅव्होकॅडोची गंमत अशी की त्याचं प्रत्येक फूल दोनदा उघडतं. पहिल्यांदा मादी म्हणून उघडतं आणि मिटतं. दुसऱ्या दिवशी तेच फूल नर होऊन उघडतं. त्यातही दोन जाती आहेत. एका जातीची फुलं सकाळी मादी असतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर. दुसऱ्या जातीचं बरोबर उलटं. म्हणजे झाडावर फुलं भरपूर असतात, पण एकटं झाड बहुतेक वेळा स्वतःलाच चुकवतं. फळ धरायचं तर दोन जातींची दोन झाडं लागतात.

हे सगळं जुनंच आहे. नवीन गोष्ट पुढे आहे. अकराव्या मजल्यावर मधमाश्या येत नाहीत. एका झाडाचा पराग दुसऱ्याच्या फुलाला माणसाने ब्रशने लावावा लागतो. फूल दोन-तीन तास उघडं राहतं, आणि लोकांना ती वेळ साधत नव्हती. झाडं घेतलेले लोक चिडले. मग शास्त्रज्ञांनी उपाय काढला. झाडाच्या आत घड्याळ असतं. ते उजेडावर आणि थंडी-उन्हावर चालतं. शास्त्रज्ञांनी ते माणसाच्या श्वासाला जोडलं.

माणसाच्या श्वासात वाफ असते, तशा फार बारीक वासाच्या कितीतरी गोष्टी असतात. आपल्याला त्या कळत नाहीत. पण प्रत्येकाचं मिश्रण वेगळं असतं. पोट, फुप्फुस, लिव्हर, सगळ्यांचा अंश त्यात असतो. पानाला श्वास घ्यायला जी छिद्रं असतात, त्यांच्या कडेच्या पेशींत हे मिश्रण ओळखणारं प्रथिन शास्त्रज्ञांनी बसवलं. एकच श्वास रोज ठरल्या वेळी मिळाला की महिन्याभरात झाड तो शिकतं. मग ते माणूस जवळ येऊन बसलं की थोड्या वेळात फुलं उघडतात. झाड एका वेळी एकच श्वास धरतं. दुसरा रोज मिळू लागला की पहिला पुसला जातो. आणि माणूस यायचं बंद झालं, तरी काही महिने घड्याळ जुन्या वेळेवर आपलं आपण चालत राहतं.

हेमाने हे मला समजावलं तेव्हा मी म्हणालो होतो, "लिफ्टसारखंच आहे. बटण दाबल्याशिवाय दार उघडत नाही."

ती म्हणाली, "तुम्हाला सगळं लिफ्टसारखंच दिसतं."

आमच्या झाडाची जोडी चौथ्या मजल्यावर होती, जयमाला खरमाटे यांच्याकडे. जोड्या रोपवाटिकेनेच लावून दिलेल्या. आमच्या टॉवरमधल्या बायकांनी त्याची सोयरीक करून टाकली. पहिला बहर आला की दोन्ही घरांनी पेढे वाटायचे, ओटी भरायची, आणि पुढे एकमेकींना विहीणबाई म्हणायचं. भांडण एकच होतं, वरपक्ष कोण? सकाळी आमची फुलं मादी आणि त्यांची नर, म्हणून त्या पराग घेऊन वर यायच्या. दुपारी उलटं व्हायचं, म्हणून हेमा पराग घेऊन खाली जायची. त्यामुळे दोघीही वरमाई.

"सकाळी मुलीकडचे आहात, जरा नमतं घ्या," जयमाला दारातूनच म्हणायच्या.

"दुपारी मी खाली येते, तेव्हा बघते," हेमा म्हणायची. "सोफ्यावर टॉवेल अंथरून ठेवा. आम्ही तशा बसत नाही."

जयमालांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. या दोघींचं असं दिवसातून दोनदा चालायचं. मी पेपरमागून ऐकायचो. मलाही त्या व्याही म्हणायच्या.

तर त्या सकाळी चहा उतू गेला आणि मी ठरवलं. हेमाचे कपडे बहिणीने नेले होते. फोनमधला तिचा आवाज मला ऐकवत नव्हता. एवढी वेळ तेवढी उरली होती. ती मी पुसू देणार नव्हतो, निदान माझ्या श्वासाने तर नाहीच. मी काच ओढून घेतली. पाणी संध्याकाळी घालायचो, तेही तोंडाला मास्क लावून आणि श्वास रोखून. कुंडी भरेपर्यंत श्वास पुरायचा नाही. मग मी आत येऊन, काच लावून, श्वास सोडायचो आणि पुन्हा बाहेर जायचो.

दोन दिवसांनी बेल वाजली. जयमाला परागाची डबी घेऊन आल्या होत्या.

"व्याही, फुललंय ना तुमचं? आमचंही फुललंय. चला, काच उघडा."

"नको, विहीणबाई. गॅलरीत नको."

"नको म्हणजे? मी काय चोर हाय?"

मी त्यांना सांगितलं. झाड अजून हेमाच्या वेळेला उघडतं, दुसऱ्या कुणाचा श्वास लागला तर ते पुसलं जाईल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"तुम्ही बसता का तिथं?" त्यांनी विचारलं. "सकाळी, चहा घेऊन?"

"छे. मी काचसुद्धा सरकवत नाही."

"जरा बसत जावा."

"पुसलं जाईल म्हणून तर सांगतोय."

त्या डबी हातात धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि आमचं झाड? ते काय बिनलग्नाचं ठेवायचं?" हे त्या एरवी हसून म्हणाल्या असत्या. त्या दिवशी हसल्या नाहीत. लिफ्टचं दार लागेपर्यंत त्या खालीच बघत होत्या.

त्यानंतर आमच्याकडे कुणी येईनासं झालं. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती. सकाळी मी काचेच्या आत स्टूल घेऊन बसायचो आणि फुलं उघडताना बघायचो. तेवढा वेळ घरात दोन माणसं आहेत असं वाटायचं. मग फुलं मिटायची आणि दिवस उरायचा. मी भाजी आणायला जायचो, तीही दोन माणसांची आणायचो आणि अर्धी टाकून द्यायचो. टीव्हीचा आवाज मोठा ठेवायचो. मुलगा रविवारी फोन करायचा. "जेवलात का?" "जेवलो." पुढे दोघांनाही काही सुचायचं नाही.

पुढचा बहर आला तेव्हा वेळ घसरायला लागली होती. आधी थोडी. हेमा देवघरातून उठायची ती वेळ सरून जायची आणि मग फुलं उघडायची. नंतर आणखी उशीर होऊ लागला. दुपार उजाडायची. काही फुलं अर्धीच उघडून तशीच राहायची. कळ्या गळू लागल्या. काचेच्या पलीकडे फरशीवर पडलेल्या कळ्या मला दिसायच्या, पण पाणी घालण्यापलीकडे, झाडण्यासाठीसुद्धा, मी बाहेर थांबत नव्हतो. पानांच्या कडा करपल्या.

त्याच सुमाराला लिफ्टमध्ये जयमाला भेटल्या. म्हणाल्या, "रोपवाटिकेवाल्यांचा फोन आला होता. आमच्या झाडाला दुसरी जोडी देतो म्हणतात. बी विंगमधली."

"मग घ्या की."

"बघते," त्या म्हणाल्या. "जुनी सोयरीक हाय. लगेच कसं तोडायचं?"

चौथा मजला आला आणि त्या उतरल्या.

शेवटी मी रोपवाटिकेला फोन केला. त्यांनी एक मुलगी पाठवली, स्वराली नावाची. पाठीला बॅग, हातात टॅब. तिने काच सरकवली तेव्हा मी मास्क लावून तिच्या मागे उभा राहिलो.

"काका, तुम्हाला बरं नाहीये का?"

"बराय."

तिने पानाला चिमटा लावला आणि टॅबवर बघत बसली. मग म्हणाली, "घड्याळ मोकळं पडलंय. त्याला लावणारं कुणी उरलेलं नाही. अजून थोडे दिवस असंच चाललं तर ते बंद पडेल. मग पानांची छिद्रं कधी उघडायची आणि कधी मिटायची, हेच त्याला कळणार नाही. झाड वाळेल. मी सगळं पुसून शून्यावर आणू का? मग तुम्ही रोज बसा. महिन्यात तुमच्यावर लागेल."

"पुसायचं नाही."

"अहो, पण मग..."

"ती माझ्या बायकोची वेळ आहे," मी म्हणालो. "ती चालू राहील असं काहीतरी सांग. तिची उशी आहे घरात. शाल आहे. त्यांचा वास देऊन काही होतं का?"

ती मुलगी माझ्या नातीच्या वयाची असेल. ती हसली नाही. म्हणाली, "बघते काय करता येतं ते. आत किती ओळख शिल्लक आहे ते आधी मोजू. त्यासाठी आधी अनोळखी श्वास देऊन बघावा लागतो." तिने पानावर हलकेच फुंकर घातली. टॅबवरची रेघ सरळच राहिली. "हे बघा. मी त्याला कुणीच नाही. आता आणखी एक माप लागेल. तुम्ही फुंका."

"माझा श्वास नको. पुसलं जाईल."

"एका फुंकरीनं काही पुसलं जात नाही, काका. महिनाभर बसावं लागतं."

मी मास्क खाली केला. वाकलो. इतक्या महिन्यांत त्या पानांच्या इतक्या जवळ मी गेलो नव्हतो. फुंकर घातली.

रेघ उडाली. टॅबच्या वरच्या कडेला जाऊन आपटली. स्वरालीने कपाळाला आठ्या घातल्या, चिमटा काढून दुसऱ्या पानाला लावला आणि म्हणाली, "परत." मी परत फुंकलं. परत तेच झालं.

"तुम्ही इथे बसत नाही ना?"

"नाही बसत."

"काका, हे झाड तुमच्यावर लागलंय. दुसऱ्या कुणावर नाही."

"ती हेमाची वेळ आहे."

"वेळ त्यांची असेल," ती म्हणाली. "श्वास तुमचा आहे. आणि आताचा नाही हा. घड्याळ मोकळं पडायच्या आधी बरेच महिने झाड तुमच्यावर चाललंय. ते तुमची वाट बघून घसरलंय."

मी तिला म्हणालो की तुझं यंत्र बिघडलंय. माझा आवाज चढला होता. तिने निमूट चिमटा काढला, बॅग भरली आणि दारात थांबून एवढंच म्हणाली, "पुसायची गरजच नाही, काका. तुम्ही नुसतं बसा."

ती गेल्यावर मला खुर्ची आठवली.

आदल्या वर्षी हेमाला खोकला लागला होता. दमा आहे असं तिने मला सांगितलं. तेव्हापासून तिने नवीन टुमणं काढलं. माझा सकाळचा चहा ती गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीपाशी आणून ठेवायची. "तिथं बसा. तोंड झाडाकडं करा. कप रिकामा झाल्याशिवाय उठायचं नाही." मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पेपर पसरून बसायची सवय. मी कुरकुर करायचो. वारा लागतो म्हणायचो. ती ऐकायची नाही. मी खुर्चीत बसायचो आणि ती ब्रश घेऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची. फुलं उघडायची तेव्हा मला वाटायचं, तिच्यासाठी उघडतायत.

मी तसाच चपला घालून चौथ्या मजल्यावर गेलो. जयमाला मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी मला दारात पाहिलं आणि टोपली बाजूला सारली.

"कळलं का?" त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं."

"बसा आधी."

मी बसलो. सोफ्यावर टॉवेल अंथरलेला होता.

"गेल्या वर्षी एकदा सकाळी मी पराग घेऊन आले," त्या म्हणाल्या. "फुलं मिटलेली. हेमा झाडाला नाक लावून बसली होती. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मला म्हणाली, जयमाला, याला मी कळेना झाले. मी म्हटलं, झाडाचं काय मनावर घेतीस. तर म्हणाली, झाडाचं काही चुकलं नाही, माझाच श्वास कधीचा बदलत आलाय. त्यानंतर ती डॉक्टरकडं गेली. आधी झाडाला कळलं, मग डॉक्टरला."

"मला दमा सांगितलं तिनं."

"तुम्हाला खरं कळलं असतं तर तुम्ही तेव्हापासूनच असं काच लावून बसला असता."

मी टोपलीतली एक शेंग उचलून सोलायला लागलो.

"म्हणून तिनं तुम्हाला खुर्चीत बसवलं. मला शपथ घातली, सांगायचं नाही. मी विचारलं, कशाला गं हा उपद्व्याप? तर म्हणाली..." जयमाला थांबल्या. पदराने डोळे पुसले, आणि पुसता पुसता त्यांना हसू आलं. "म्हणाली, लिफ्टवाला माणूस आहे. कुणी बटण दाबल्याशिवाय जागचा हलायचा नाही. मी नसले की रोज सकाळी बटण दाबायला कुणीतरी पाहिजे."

"मग त्या दिवशी दारात का नाही सांगितलं मला?"

"कसं सांगू?" त्या म्हणाल्या. "नुकतं तेरावं झालेलं. तुम्ही म्हणताय झाडाला हेमाची वेळ पाठ आहे. तोंडावर तेज आलेलं तुमच्या. आणि मी सांगू, की झाड तिला ती जिवंत असतानाच विसरलंय? माझी जीभ नाही उचलली."

त्या रात्री मला दुःख नेमकं कशाचं होत होतं ते सांगता येत नाही. काचेआडून मी ज्याला हेमा म्हणून बघत होतो ती हेमा नव्हती. ती माझीच रिकामी खुर्ची होती. तिचं जे उरलंय असं वाटत होतं तेही गेलं, आणि या खेपेला सांत्वनाला पाहुणे येणार नव्हते.

सकाळी मी चहा केला. काच सरकवली. फरशीवरच्या वाळलेल्या कळ्या झाडल्या, खुर्ची पुसली आणि तोंड झाडाकडे करून बसलो. काही झालं नाही. कप रिकामा झाला तरी मी उठलो नाही. दुसऱ्या दिवशीही काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी मी झाडाशी बोलून पाहिलं, पण मला तसं बोलता येत नाही. "आलोय" एवढंच म्हणालो. वारा होता. माझा श्वास त्याच्यापर्यंत पोचतोय की नाही, कळत नव्हतं. मी खुर्ची पुढे ओढली.

किती सकाळी गेल्या ते मी मोजलं नाही. एक दिवस मी पेपर वाचत होतो. पान उलटलं आणि वर पाहिलं, तर खालच्या फांदीवरची एक कळी उघडत होती. मग तिच्या शेजारची. मग वरच्या घोसातल्या. मी पेपर खाली ठेवला. हेमाची वेळ केव्हाच टळून गेली होती. ही माझी वेळ होती, उशिरा उठणाऱ्या आणि चहा उतू जाऊ देणाऱ्या माणसाची.

मी जयमालांना फोन केला. त्या डबी आणि ब्रश घेऊन आल्या, गॅलरीच्या दाराशी आल्या आणि चौकटीपाशी थांबल्या. हेमा टेकायची तिथेच. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या पुढे सरकल्या.

"बी विंगवाल्यांना काय सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं, आमची मुलगी आधीच दिलेली आहे."

"मुलगी? सकाळी तर तुम्ही मुलाकडचे."

त्यांचा ब्रश थांबला. इतक्या वर्षांत मी त्या भांडणात पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "व्याह्यांना बोलता येतं की." मग त्या एकेका फुलाला ब्रश लावत राहिल्या आणि मी खुर्चीत बसून राहिलो. माझं काम तेवढंच होतं. मधेच मला रडू आलं. त्यांनी वळून पाहिलं नाही. म्हणाल्या, "तोंड तिकडं फिरवू नका. श्वास इकडंच सोडा."

त्या गेल्यावर घर होतं तेवढंच रिकामं झालं. मी एका माणसाचा भात टाकला. काच लावली नाही. जेवताना झाड दिसत होतं. मनात आलं, एक दिवस माझाही श्वास बदलेल. तेव्हा आधी यालाच कळेल. सकाळी मी बसेन आणि फुलं मिटलेली असतील. हेमाकडे खुर्चीत बसवायला मी होतो. मी कुणाला बसवणार, ते मला अजून सुचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीच फुलं नर होऊन उघडली. ओट्याखालच्या फळीवर हेमाची स्टीलची डबी सापडली. झाकणाच्या आत पिवळी पूड अजून चिकटलेली होती. मी ती पुसली नाही. त्यातच नवा पराग झाडून घेतला, धुतलेला शर्ट घातला आणि बाहेर येऊन लिफ्टचं बटण दाबलं.